नातेवाइकांचं पान

४ फेब्रुवारी

ताई,

तुझी अट मान्य. फोनवर मी नुसता "हं, हं" करतो, मागे कीबोर्डची टकटक चालू असते आणि तू सांगतेस त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून जातं, हे सगळं खरं. म्हणून हे पत्र. हाताने लिहिलंय, अक्षराला हसू नकोस. शाळेत कोंबडीचे पाय होते, आता कोंबडी म्हातारी झाली एवढंच.

मी नेमकं करतो काय, असं तू विचारलंस. आई शेजारणीला "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी" सांगते आणि शेजारणीचं तेवढ्यावर समाधान होत नाही म्हणे. तर ऐक. एका मोठ्या हॉस्पिटलात शेकडो यंत्रं असतात. नर्सच्या हातातले टॅबलेट, डॉक्टरांचे फोन, खाटेशेजारचे स्क्रीन, औषधांच्या खिडकीवरचा कॉम्प्युटर. ही सगळी एकाच मुख्य सर्व्हरला सारखी विचारत असतात, अमक्या खाटेवर कोण आहे, त्याला सकाळी काय दिलं, रक्ताचा रिपोर्ट आला का. डॉक्टरांचा राउंड सुरू झाला की सगळी एकदम विचारतात. मुख्य सर्व्हर बिचारा एकटा, कुणाकुणाला पुरा पडणार?

मग मी काय करतो, तर प्रत्येक मजल्यावर एका कपाटात छोटा सर्व्हर बसवतो. त्याला कॅश सर्व्हर म्हणतात. (आईला सांगताना हा शब्द गाळ, नाहीतर मी बँकेत लागलो असं ती गावभर करेल.) कुणी एक प्रश्न विचारला की उत्तराची एक प्रत हा स्वतःजवळ ठेवून घेतो. पुढच्याने तोच प्रश्न विचारला की मुख्य सर्व्हरकडे न जाता तीच प्रत त्याच्या हातावर ठेवतो. सगळी अक्कल दोनच गोष्टींत आहे, कुठली प्रत ठेवायची आणि ती कधी टाकून द्यायची. ठेवणं सोपं असतं. टाकायची वेळ ठरवण्यात माझ्या डोक्यावरचे केस गेले.

आणि आता खरी बातमी. आईची जिथे दर महिन्याला हजेरी असते, त्या तुमच्या हॉस्पिटलातही आमचं यंत्र बसतंय, आणि त्याची सगळी आखणी साहेबांनी माझ्याकडे दिली आहे. आईला सांग. तिच्या पायांची सूज उतरली का? पाणी मोजून पिते का, की डोळा चुकवून ढोसते? भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद घे आणि पुढे वाच. तुझं अक्षर बघून पोस्टमन पत्ता विचारायला आमच्या चष्म्याच्या दुकानात आला होता. मालक म्हणाले, तुमच्या भावालाही एक चष्मा करून द्या.

आईचं म्हणशील तर सूज उतरते आणि पुन्हा चढते. हृदय थकलंय, पाणी साठतं, एवढंच डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात. दिवसाला चारच पेले पाणी, असं बजावलंय. आई म्हणते, पेला केवढा ते कुठे सांगितलंय? परवा ती फुलदाणीएवढा पेला घेऊन बसली होती. मी ओरडले तर रुसली. दुपारी मी दुकानात चष्म्याच्या काचा घासून घरी आले, तोवर आपली आपणच हसायला लागली होती.

तू शिकवलंस तसं मी शेजारणीला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे दुकानदार पुढे थोडा माल काढून ठेवतो तसंच ना? मी म्हटलं, तसंच. मग यात एवढं शिकायचं काय, असं तिने विचारलं. ते तू कळव.

हॉस्पिटलचं सांगते. मागच्या आठवड्यात आईला तपासण्यांसाठी दोन दिवस ठेवून घेतलं होतं. आत एकालाच थांबू देतात आणि तेही मधूनमधून बाहेर काढतात. बाहेर लांब बाक आहे, त्यावर आम्ही सगळे. प्रत्येकाच्या फोनवर नातेवाइकांसाठी म्हणून हॉस्पिटलचं एक पान असतं. आपल्या माणसाची प्रकृती कशी आहे ते त्यावर येतं. पण ते उघडेल तर शपथ. चाक फिरत राहतं. माझ्या शेजारी एक नळदुरुस्ती करणारा बसला होता, त्याची बायको आत होती. तो बटण दाबायचा, चाक बघायचा, पुन्हा दाबायचा. मी विचारलं, अहो, आत्ताच तर आतून आलात ना? तो म्हणाला, "आलो, पण दुसरं काय करणार? नळ असता तर उघडून बघितला असता."

तेवढं जमलं तर बघ, बाबा. त्या माणसाचं बोट झिजेल.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ताई,

शेजारणीला सांग, माल पुढे काढून ठेवणं कुणालाही येतं. नासका माल गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आत ओळखणं, त्याचा पगार मिळतो.

तुझ्या नळवाल्यानेच मला रस्ता दाखवला. गंमत ऐक. मी तुमच्या हॉस्पिटलातले एका आठवड्याचे सगळे प्रश्न मोजून पाहिले. मला वाटलं होतं, सगळ्यात जास्त नर्स विचारत असतील. छे! निम्म्याहून जास्त प्रश्न त्या नातेवाइकांच्या पानावरून येतात. तेच माणूस, तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. आणि या गर्दीत नर्सचा प्रश्न मागे अडकून पडतो. नर्स त्या उत्तरावर औषध देते, डॉक्टर त्यावर निर्णय घेतात. नातेवाईक काय करतो? वाचतो आणि पुन्हा दाबतो.

म्हणून मी सरळ दोन रांगा केल्या. नर्सने टॅबलेटवर नवं काही लिहिलं की डॉक्टर-नर्सच्या रांगेतली जुनी प्रत तिथल्या तिथे रद्द. त्यांना नेहमी ताजंच मिळणार. नातेवाइकांची प्रत मात्र तशी रद्द होत नाही. तिला एक मुदत दिली आहे, ती संपली की नवी आणायची. आणि मुदत संपली त्या वेळी मुख्य सर्व्हर कामात बुडालेला असला, तर तीच प्रत आणखी थोडी चालवून घ्यायची. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही.

चाचणीत नातेवाइकांचं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, सर, याला तुमचं नाव द्या. आता नळवाला बोट झिजवत बसणार नाही. आईला सांग, तिच्या लेकाने एका माणसाचं बोट वाचवलं.

तुझा धाकटा


३ मार्च

धाकट्या,

यंत्र बसलं. चार माणसं आली, कपाट उघडलं, वायरींचा गुंता केला आणि संध्याकाळपर्यंत सोडवला. दुसऱ्या दिवसापासून बाकावर नुसता आनंदीआनंद. बटणाला बोट लागायचा अवकाश की पान हजर. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या धाकट्या भावाचं काम. एका आजोबांनी माझ्याच डोक्यावर हात ठेवला.

मी बाकावर होते म्हणजे काय ते तुला कळलंच असेल. आईला परवा पुन्हा भरती केलं. घाबरू नकोस, साठलेलं पाणी काढायला ठेवून घेतलंय. घरी आणतील, पुन्हा नेतील, आता असंच चालणार असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मला काही बरा वाटला नाही. पण मला हल्ली कुणाचेच चेहरे बरे वाटत नाहीत.

तुझ्या यंत्राने आईला मात्र वेड लावलंय. तिच्या खाटेशेजारी जो स्क्रीन आहे, त्यातून तू तिला बघतोस अशी तिची समजूत झाली आहे. मी दहा वेळा सांगितलं, अगं, त्याला आकडे दिसतात, तू नाही दिसत. ऐकते कुठे? सकाळी उठल्या उठल्या कंगवा मागते. नर्सला म्हणते, जरा बाजूला हो, माझा मुलगा बघतोय. काल औषध कडू लागलं तर स्क्रीनकडे तोंड करून तक्रार केली. आता मी सांगायचं सोडून दिलंय. तिला तेवढाच विरंगुळा.

एक विचारायचं होतं. पानावर नुसतं "प्रकृती स्थिर" असं येतं. ती कधीची स्थिर? आमच्याकडे गिऱ्हाईक जुना नंबर घेऊन आलं तर त्यावर आम्ही चष्मा करत नाही. आधी विचारतो, डोळे कधी तपासले होते? तू वेळ का लिहीत नाहीस?

जमलं तर येऊन जा. आई म्हणत नाही, मी म्हणते आहे.

तुझी ताई


१४ मार्च

ताई,

काचा घासता घासता तू माझी परीक्षा घ्यायला लागलीस. वेळ आधी होती पानावर. पण "पंधरा मिनिटांपूर्वी" असं दिसलं की लोक काउंटरवर जाऊन नर्सशी हुज्जत घालतात, पंधरा मिनिटं तुम्ही काय करत होता म्हणून. हॉस्पिटलवाल्यांनीच काढायला सांगितली. मलाही पटलं. स्थिर माणूस पंधरा मिनिटांनी स्थिरच असतो.

यायचं म्हणशील तर बावीस तारखेला आमचं मोठं प्रात्यक्षिक आहे. दहा-बारा हॉस्पिटलांचे लोक येणार, त्यांच्यासमोर सगळं चालवून दाखवायचं. पसंत पडलं तर पुढची दोन वर्षं आमच्या सगळ्या टोळीला काम मिळेल. ते उरकलं की त्याच दिवशी गाडीत बसतो आणि आठवडाभर येऊन राहतो. साहेबांना आधीच सांगून ठेवलंय.

तोपर्यंत एक कर. वॉर्डात जाताना फोन दाराशी पेटीत ठेवावा लागतो हे मला माहीत आहे. मला कळवायचं म्हणून सारखी आतबाहेर करू नकोस. तू फक्त आईजवळ बस. पान माझ्यासमोर दिवसभर उघडं असतं, मी मिनिटामिनिटाला बघतो. काही कमीजास्त झालं तर तुझ्याआधी मला कळेल आणि मी निघेन.

आईला म्हणावं, भांग वाकडा पडलाय.

तुझा धाकटा


९ एप्रिल

ताई,

परत येऊन दोन आठवडे होत आले. ऑफिसला जातो, येतो. काम होत नाही, पण खुर्चीत बसतो.

तिथे होतो तितके दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. ताट वाढलंस, अंथरूण घातलंस, आलेल्या माणसांसमोर माझ्या शेजारी बसलीस. पण मी काही विचारलं की आत निघून जायचीस. मी निघालो तेव्हा दारातसुद्धा आली नाहीस. मला वाटलं, तुझं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे. इतकी वर्षं सगळं तूच केलंस, मी आपला लांबून चौकशा करणारा. म्हणून गप्प राहिलो.

पण आता राहवत नाही. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिकाच्या पाहुण्यांना निरोप देत होतो. बॅग भरलेली होती, तासाभरात निघणारच होतो. आई इतकी अचानक जाईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तिला आठवडाभर सोबत करायची असं ठरवून मी निघणार होतो आणि पोहोचलो तो तिला पोहोचवायला. तिच्या शेवटच्या दिवसाबद्दल मला काहीच माहीत नाही, ताई. तू सांगितलं नाहीस. ती काही बोलली का? तिला त्रास झाला का? तेवढं लिही. मग वाटलं तर बोलू नकोस.

धाकटा


१७ एप्रिल

अचानक हा शब्द माझ्यासमोर पुन्हा वापरू नकोस.

तुला ऐकायचंय ना, ऐक. सकाळपासून तिला श्वास पुरत नव्हता. उशीला टेकून बसवलं तरी पुरत नव्हता. राउंडला डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तोंडावर मास्क लावला, औषध बदललं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, घरातल्या माणसांना बोलावून घ्या. नर्सने ते सगळं टॅबलेटवर लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलं. मी बाहेर आले, पेटीतून फोन काढला आणि तुला विचारलं, "बघतोयस ना?" तुझं उत्तर लगेच आलं. "हो ताई, बघतोय." तो निरोप अजून फोनमध्ये आहे. रोज वाचते.

याला आणखी काय सांगायचं, असं मला वाटलं. सगळं त्याच्यासमोर आहे. माझ्याआधी त्याला कळतं. दहाच्या गाडीत बसला असेल तर दोनपर्यंत येईल. मी आत गेले.

आईने विचारलं, धाकटा येतोय का? मी म्हटलं, तो बघतोय, येईल. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, तो बघतोय. तिने मास्क बाजूला सारला, केसांवरून हात फिरवला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. किती तरी वेळ बघत राहिली. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

आईने काय समजायचं ते समजून घेतलं. मीही समजले. तुझ्यासमोर तुझी दहा हॉस्पिटलं बसली होती. त्यांच्यासमोरून उठून येण्याइतकी आई मोठी नव्हती.

मी शेवटपर्यंत तिच्याजवळ होते, तेवढं माझं नशीब. तुझं तू बघ.


२ मे

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि मला त्याचा अर्थच लागेना. मास्क कधी लावला? बोलावून घ्या असं कधी म्हणाल्या? मी दिवसभर पान बघत होतो. पान म्हणत होतं, "प्रकृती स्थिर. आराम करत आहेत." तुझा "बघतोयस ना" आला तेव्हाही समोर तेच होतं. मी मनात हसलो, म्हटलं, ताईला उगाच काळजी. आणि "हो ताई, बघतोय" असं लिहून मोकळा झालो.

मग ज्याची भीती वाटत होती ते करून पाहिलं. त्या दिवशी नर्सने काय काय लिहिलं आणि माझ्या फोनला कुठली प्रत गेली, हे दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवलं. नर्सने सगळं लिहिलंय, तू म्हणतेस तसंच. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर ते क्षणात पोहोचलंय. मला गेलेली प्रत आदल्या संध्याकाळची होती. त्या दिवशी तुमच्याकडे सकाळपासून गर्दी होती, मुख्य सर्व्हर कामात होता. प्रतीची मुदत संपली की ती आणखी थोडी चालवली, पुन्हा संपली, पुन्हा चालवली. आई गेल्यावरसुद्धा ती मला स्थिर सांगत होती.

यंत्र बिघडलं असतं तर बरं झालं असतं. ते बिघडलं नव्हतं. मी सांगितलं होतं तसंच वागलं. नातेवाईक वाचतो आणि पुन्हा दाबतो, असं मीच तुला लिहिलं होतं. त्या दिवशी मी वाचत होतो आणि पुन्हा दाबत होतो. पाहुण्यांना मी अभिमानाने माझाच फोन दाखवला, बघा, किती चटकन उघडतं म्हणून. वर आईचं नाव होतं.

त्या दुपारी मी पोटभर जेवलो, ताई. हे तुला सांगायला हवं. सगळ्यांबरोबर हसत जेवलो.

साहेबांना सगळं सांगितलं. त्या दिवशी त्याच पानावर आणखीही घरं होती, त्यांना हॉस्पिटलने कळवावं म्हणून लिहून दिलंय. नातेवाइकांची वेगळी रांग मोडून टाकली. नर्सने लिहिलं की आता सगळ्यांचीच जुनी प्रत रद्द होते, आणि पानावर वेळही येते. पान पुन्हा संथ झालंय. साहेब म्हणाले, लोकांना ताटकळायला आवडत नाही. मी म्हटलं, लोक ताटकळतील, तुम्ही बघा. आणि खरंच, कुणी उठून जात नाही. चाक फिरत असतं आणि माणसं बघत बसतात.

एवढं केलं, पण त्याने काय होतंय? मी तिला बघतोय, दिसतंय, आणि तरी येत नाही, असं समजून आई गेली. ते मला कुठूनही बदलता येत नाही. तिला समजावून सांगायला ती नाही. तुला सांगतोय. माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो, माफ कर.

धाकटा


१६ मे

धाकट्या,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. तुझ्या भाऊजींनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, बरा आहे. पत्र त्यांना दाखवलं नाही. का, ते पुढे लिहिते. लिहावं की नाही याच विचारात आठवडा गेला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की शेवटपर्यंत आईजवळ होते. ते खोटं आहे.

दुपारी नर्सने मला बाहेर थांबायला सांगितलं. नळी बदलायची होती, पडदा ओढला. मी बाकावर तासभर बसले. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, अंगावर कालचेच कपडे होते. फोन काढून पान उघडलं. "प्रकृती स्थिर. आराम करत आहेत." मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! सकाळी मास्क लावलेला मी डोळ्यांनी बघितला होता, म्हणजे आता उतार पडला, नव्या औषधाने गुण आला, असाच अर्थ मी घेतला. दुसऱ्या कुणाचं यंत्र असतं तर आत जाऊन विचारलं असतं. तुझं होतं, म्हणून विचारलं नाही.

मी घरी गेले. फोन चार्जिंगला लावला आणि अंघोळ केली. आईसाठी धुतलेला झगा काढला. चहा केला आणि बसून प्यायले. हॉस्पिटलचे तीन फोन येऊन गेले होते, ते मी निघताना बघितले. पोहोचले तेव्हा पडदा ओढलेलाच होता, पण नळीसाठी नाही. नर्स चांगली आहे. ती म्हणाली, मी होते त्यांच्याजवळ. पण तिच्याकडे तेव्हा आठ खाटा होत्या, ते मला माहीत आहे. आई एकटीच गेली.

मी घरून निघाले तेव्हा आई बरी होती आणि नंतर अचानक गेली, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. तुला तो शब्द वापरू दिला नाही, पण मी तोच धरून बसले होते. तुझं पत्र आलं आणि तोही गेला. मी बाकावरून उठले तेव्हा ती सकाळसारखीच होती. आत तिचा श्वास पुरत नव्हता आणि बाहेर मी आनंदाने पायऱ्या उतरत होते.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. न लिहून पाहिलं, जमलं नाही. न लिहिलं तर तू माफी मागत राहशील आणि मी मोठी म्हणून ती देत राहीन, आणि असं जन्मभर चालेल. मला ते झेपायचं नाही. मी तुझ्यावर रागावले, कारण तुझ्यावर रागावता येत होतं.

अजूनही माणसं भेटायला येतात. प्रत्येक जण विचारतो, शेवटी जवळ कोण होतं? मी सांगते, मी होते. तुझ्या भाऊजींना तेच सांगितलंय, शेजारणीला तेच सांगितलंय. शेजारीण म्हणाली, नशीबवान आहेस, सगळ्यांना नाही मिळत हे. मी मान हलवली आणि तिला चहा दिला.

तू ये. सुट्टी काढून थोडे दिवस राहायला ये. बोललो नाही तरी चालेल, नुसता बस. हे खरं माहीत असलेलं एक माणूस मला घरात हवंय.

ताई